९६ इंच: एका फ्युएल अल्टर्डची चासी परत आली तेव्हा

फ्युएल अल्टर्ड म्हणजे ड्रॅग शर्यतीची एक जुनी, आखूड गाडी. तशाच एका गाडीची चासी, म्हणजे सांगाडा, पुन्हा उभी करण्याचं हे प्रकरण. यातली माणसं हयात आहेत, म्हणून त्यांची नावं, गाव आणि गाडीचं नाव देत नाही. गाडी चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना मी तात्या म्हणेन, त्यांच्या मुलीला ताई आणि वेल्डिंग करणाऱ्याला मिस्त्री. तिघंही अमेरिकन आहेत, ही नाती माझ्या मनातली. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या लेथशेजारी वाढलो. गेली काही वर्षं कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ तेलविहिरींच्या पंपांवर काम करतो. या कामात माझा वाटा मोजमापाचा आणि हिशेबाचा होता, आणि चुकांमध्येही माझा वाटा आहे.

पार्श्वभूमी

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्ट्यावर पाव मैल, साधारण ४०२ मीटर, दोन गाड्यांची उभ्या जागेवरून धाव. दक्षिण कॅलिफोर्नियात सँटा ॲना इथल्या विमानतळावर १९५०मध्ये तिकीट लावून या शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संस्था काढली आणि गाड्यांची गटवारी लिहून काढली. जुन्या फोर्डची बॉडी, त्यात भलतंच मोठं इंजिन, अशी गाडी आणणाऱ्या पोरांना कुठल्या रांगेत उभं करायचं, हा त्या काळचा रोजचा प्रश्न होता. त्याच्या उत्तरातून 'अल्टर्ड', म्हणजे बदललेल्या गाड्यांचा, गट आला.

नावातच सगळं आहे. पेट्रोलवरच्या गॅस कूप गटात इंजिन व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) १० टक्के मागे सरकवायची मुभा होती, अल्टर्डमध्ये २५ टक्के. पुढच्या चाकांच्या मध्यापासून पहिल्या प्लगपर्यंत मोजायचं. इंजिन जितकं मागे, तितकं वजन मागच्या टायरांवर आणि तितकी पकड जास्त. बॉडी मात्र खऱ्या गाडीची दिसली पाहिजे. मग हलकी आणि छोटी बॉडी कुठली? इटलीची फियाट टोपोलिनो, पेन्सिल्वेनियातल्या बटलर गावी बनलेली अमेरिकन बँटम, नाहीतर फोर्डची १९२३ची मॉडेल टी. या बॉड्या लहान, म्हणून खालची चासीही आखूड राहिली. नुसत्या लांब सांगाड्याचे रेल ड्रॅगस्टर लांबत लांबत १९७०च्या सुमारास २०० इंचांच्या पुढे गेले, तेव्हा अल्टर्ड शंभर इंचांच्या आसपासच अडकलेले होते. आमची ९६.

याच आखूड गाडीत पुढे ब्लोअर आणि नायट्रो आले. ब्लोअर जनरल मोटर्सच्या ६-७१ डिझेल इंजिनावरचा, म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच. ट्रक-बसचं ते यंत्र व्ही-८ वर बसवलं की सिलिंडरमध्ये हवा कोंबली जाई. नायट्रोमिथेन त्याहून वरचढ. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो नायट्रोला फक्त १.७ किलो. वजनाला नायट्रोची ऊर्जा पेट्रोलच्या चौथाईच्या आसपास, पण तेवढ्याच हवेत ते आठ-नऊ पट जास्त जाळता येतं. हिशेब केला तर तेवढ्याच हवेतून दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. एनएचआरएने १९५७मध्ये आपल्या शर्यतींत नायट्रोवर बंदी घातली होती, १९६३च्या विंटरनॅशनल्स या हिवाळी शर्यतीपासून ती उठू लागली. आखूड चासी, ब्लोअर आणि नायट्रो एकत्र आले की गट बनला एए/एफए, म्हणजे फ्युएल अल्टर्ड. त्या दोन ए-ए वरून लोक या गाड्यांना 'ऑफुल-ऑफुल', म्हणजे भयंकर-भयंकर, म्हणत. हे टोपणनाव त्यांनी कमावलेलं होतं.

त्या काळाची नावं आजही इथल्या माणसांच्या तोंडी आहेत. रिच ग्वास्को यांची 'प्युअर हेल' डेल एमरी चालवत. १९६१मध्ये ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या रोडस्टरचा (बिनछपराच्या गाडीचा) मान मिळवणाराही हाच ग्वास्को. लिऑन फिट्झजेरल्ड यांची 'प्युअर हेवन' होती. आणि अल 'माऊसी' मार्सेलस यांच्या जोडीने 'विंग्ड एक्स्प्रेस' आणणारे विली बोर्श, डोक्यावर भलामोठा पंख असलेली टी-रोडस्टर एका हाताने चालवणारे. एक हात चाकावर, दुसऱ्या हाताने बॉडी घट्ट धरलेली. 'वाइल्ड विली' हे नाव त्यांना असंच पडलं नाही.

तात्या यांच्याच पिढीचे, पण नावाजलेले नव्हेत. दिवसा गॅरेजात नोकरी, शनिवार-रविवार शर्यत. १९६६ ते १९७१ अशी सहा वर्षं त्यांनी आपली टी-बॉडीची फ्युएल अल्टर्ड चालवली. इंजिन क्रायस्लरचं ३९२ घनइंची हेमी. १९६९मध्ये ती पट्ट्यावर डावीकडे वळली आणि कठड्याला घासत गेली. तात्यांचं मनगट मोडलं, चासी वाकली. त्यांनी स्वतः गॅस वेल्डिंगने ती सरळ केली आणि पुन्हा दोन वर्षं चालवली. मग इंजिन वेगळं विकलं, चासी वेगळी, बॉडी आणखी कुणाला.

१९७१मध्ये विकायचं कारण पैशाचं होतं. १९६५मध्ये डॉज आणि प्लिमथच्या काही गाड्यांचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल कंपनीच्याच पुढाकाराने पुढे सरकवले गेले. दिसायला विचित्र, म्हणून त्यांना 'फनी कार' म्हणू लागले. पुढच्या वर्षी नळ्यांची चासी आणि वर उघडणारी फायबरग्लासची बॉडी आली. प्रेक्षकाला आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचंच नाव पट्ट्यावर दिसू लागलं, आणि आयोजकांचे पैसे तिकडे वळले. आतून पाहिलं तर फनी कार ही अल्टर्डची चुलत बहीण. पण टोपोलिनो आणि बँटम विकणारा डीलर गावात नव्हता, त्यामुळे त्या गाड्यांना प्रायोजक मिळेना.

२०१६च्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ती चासी सापडली. ताईंनी ती विकत घेतली आणि वडिलांच्या ७७व्या वाढदिवसाला अंगणात आणून ठेवली.

अडचण

तात्यांनी चासीला हात लावला आणि पहिलं वाक्य बोलले, "कधी चालवायची?"

ताईंना ती चालू व्हायला हवी होती, पण वडिलांनी तिच्यात बसून पाव मैल धावावं हे मुळीच नको होतं. १९६९च्या त्या दिवशी त्या पाच वर्षांच्या होत्या आणि आईच्या मांडीवरून सगळं पाहत होत्या. मिस्त्रींना चासी कामाला लावायच्या लायकीची वाटत नव्हती. मला ती मोजायची होती.

म्हणजे अडचण एक नव्हती. ही गाडी खरंच तीच आहे का? असेल तर तिचं काय करायचं: जपायची, वाजवायची की पळवायची? आणि हे ठरवायचा हक्क कुणाचा, पैसे देणाऱ्या ताईंचा की तिच्यात मनगट मोडून घेतलेल्या तात्यांचा?

पहिली चूक, निर्णयाच्या आधीच

हा भाग मी लांबवून लिहितो आहे, कारण पुढचं बरंच यावरून ठरलं.

चासीवर चार-पाच थर रंग आणि वर गंज होता. भेगा बघायच्या तर धातू उघडा हवा, म्हणून आम्ही ती एका दुकानात सँडब्लास्टिंगला दिली. तीन तासांत ती राखाडी, स्वच्छ होऊन परत आली. मला समाधान वाटलं. उद्यमनगरात कास्टिंग आलं की आधी ते साफ करायचं, मग तपासायचं, हीच माझी सवय.

संध्याकाळी तात्या आले. त्यांनी डाव्या रेलवर, म्हणजे चासीच्या लांब नळीवर, हात फिरवला आणि विचारलं, "इथली निळी रेघ कुठे गेली?" १९६७मध्ये त्यांच्या मित्राने हाताने ओढलेली ती रेघ होती, त्याखाली त्या वर्षीच्या टोळीतल्या चौघांची आद्याक्षरं. वरच्या रंगाखाली ती नक्की होती, कारण पुढच्या मालकाने नुसता वरून फवारा मारला होता. आता ती दुकानाच्या फरशीवर धूळ होऊन पडली होती.

तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रंगाच्या थरांमध्ये गाडीची ओळखही होती. कुठला थर कुठल्या वर्षीचा हे जुन्या रंगीत छायाचित्रांशी ताडून पाहता आलं असतं. ती गेल्यावर आमच्याकडे राहिले फक्त धातूचे पुरावे: ब्रॅकेटच्या भोकांची मांडणी, इंजिन धरणाऱ्या मोटर प्लेटचं अंतर, आणि उजव्या रेलवरचं १९६९च्या दुरुस्तीचं पितळी वेल्डिंग. तात्यांनी ते डोळे मिटून बोटांनी ओळखलं. छायाचित्रातल्या भोकांशी मोजमाप जुळलं. म्हणजे गाडी तीच, याबद्दल शंका उरली नाही, पण हे नशिबाने झालं.

तपासणी

मग जे आधी करायचं ते केलं. सांध्यांना डीपी टेस्ट: लाल द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची, जिथे भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. त्यात मागच्या मोटर प्लेटजवळ दोन भेगा दिसल्या. मग चुंबकीय कणांची चाचणी, त्यात पुढच्या ॲक्सलच्या बैठकीत तिसरी सापडली. शेवटी अल्ट्रासोनिक जाडीमापक. नळी क्रोममॉलीची (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची), मूळ जाडी २.३ मिलिमीटरच्या आसपास. बहुतेक ठिकाणी २.१ ते २.२ भरली. उजव्या रेलच्या तळाला मात्र १.३. गोठ्यात ती त्या बाजूला कलून पडली होती, नळीत पाणी साठलं आणि आतून गंज चढला. वरून काहीच दिसत नव्हतं.

पितळी वेल्डिंगचा प्रश्न वेगळा. क्रोममॉलीवर पितळ वितळवलं की त्यातलं तांबं पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरू शकतं आणि तिथे पुढे भेगा पडतात. शिवाय पितळाचा अंश राहिला तर त्यावर टिग वेल्डिंग नीट बसत नाही. म्हणजे १९६९ची दुरुस्ती तशीच ठेवायची, नाहीतर तेवढा तुकडाच कापून काढायचा. मधला मार्ग नाही.

काय काय करता आलं असतं

चार वाटा होत्या, आणि त्या सारख्या वजनाच्या नव्हत्या.

पहिली, चासी आहे तशी संग्रहालयात उभी करायची. यात गाडीला धोका शून्य. पण तात्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यांत मोठ्या आवाजाची वस्तू, ती मुकी करून ठेवायची हे कुणालाच पटेना.

दुसरी, नवीन चासी बांधून जुनीची हुबेहूब प्रत करायची आणि ती पळवायची. आजच्या सुरक्षा नियमांत बसणारी चासी बांधून फ्युएल अल्टर्ड चालवणारी मंडळी आजही आहेत, आणि त्यांचं काम मला फार आवडतं. पण त्याला लागणारा पैसा ताईंकडे नव्हता. मुख्य म्हणजे तात्यांना ती गाडी नको होती, त्यांना हीच हवी होती.

तिसरी, हीच चासी दुरुस्त करून पळवायची. तात्यांचा सगळा जीव या वाटेवर. मी यासाठी एक हिशेब केला आणि तो तात्यांसमोर मांडला.

ताशी २०० मैल म्हणजे सेकंदाला ८९ मीटर. त्या वेगाला पुढची चाकं फक्त एक अंश वळली, तर टायर न घसरता गाडी किती वेगाने फिरेल? व्हीलबेस ९६ इंच, म्हणजे २.४४ मीटर असेल तर सेकंदाला सुमारे ३६ अंश. २१० इंची ड्रॅगस्टरमध्ये तेच १७ अंशांच्या आत. प्रत्यक्षात टायर घसरतात, त्यामुळे आकडे असेच येणार नाहीत, पण दोन गाड्यांमधला फरक खरा आहे. माणसाला काही जाणवून हात हलवायला पाव सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे जाते.

आणि चाकं वळवायला चालकाचीही गरज नसते. या गाड्यांना मागे डिफरन्शियल नसे, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरण्यासाठी जाम केलेली. मागे सस्पेन्शनही नाही. वेग वाढला की टायर फुगतो. दोन टायर किंचित वेगळे फुगले तर मोठा टायर गाडीला दुसऱ्या बाजूला ढकलतो. ड्रॅगस्टरची लांबी ही चूक पोटात घेते, अल्टर्ड ती लगेच नाकावर आणते. १९६९मध्ये गाडी डावीकडे का वळली याचं उत्तर तात्यांना सत्तेचाळीस वर्षं मिळालेलं नव्हतं. माझ्या कागदाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मला वाटत होतं माझा हात हलला," ते म्हणाले.

कागदावरच्या आकड्यांनी कुणाच्या मनावरचं ओझं उतरताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. टायरच कारण होतं हे मी सिद्ध केलेलं नाही, ते करता येणारही नाही. पण हात न हलताही असं होऊ शकतं, एवढं खात्रीने सांगता आलं.

चौथी वाट मिस्त्रींनी सुचवली. २००० सालापासून बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसो पट्ट्यावर जुन्या मंडळींच्या मेळाव्यात 'कॅकलफेस्ट' होतो. जुन्या नायट्रो गाड्या ओळीने येतात, मागून ढकलून सुरू करतात आणि उभ्या उभ्या वाजवतात. धाव नाही. ज्वाळा, आवाज, डोळ्यांत पाणी आणणारा धूर, सगळं खरं. हा तोच पट्टा जिथे १९५९मध्ये स्मोकर्स क्लबने पहिली मोठी नायट्रो शर्यत भरवली, फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स आले आणि जिंकले आर्ट क्रिस्मन.

निर्णय

तात्या तिसऱ्या वाटेवर अडून होते. ताईंनी वाद घातला नाही, त्यांनी एक प्रश्न विचारला: "तुमच्या पायांच्या मध्ये काय होतं ते यांना सांगा."

जुन्या अल्टर्डमध्ये चालक इंजिनाच्या मागे बसतो. क्लच, फ्लायव्हील आणि ड्राइव्हलाइन त्याच्या पायांच्या मध्ये. ८ मार्च १९७० रोजी लॉन्ग बीचजवळच्या लायन्स ड्रॅगस्ट्रिपवर गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स धाव सुरू होतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यांनी रुग्णालयातच ठरवलं की इंजिन चालकाच्या मागे न्यायचं. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला त्यांनी तशाच गाडीने पोमोनाची विंटरनॅशनल्स जिंकली, आणि काही वर्षांत पुढे इंजिन असलेला टॉप फ्युएल, म्हणजे नायट्रोवरच्या सर्वांत वरच्या गटातला, ड्रॅगस्टर संपला. अल्टर्डना ही वाट नव्हती. इंजिन मागे नेलं तर ती अल्टर्डच राहत नाही.

तात्या शांत बसले. मग म्हणाले की त्या बातमीनंतर त्यांच्या बायकोने एकदाही 'सोडा' म्हटलं नाही, पण शर्यतीच्या आदल्या रात्री ती त्यांचे बूट उचलून बघायची. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी विकली. मघाशी मी पैशाचं कारण लिहिलं, ते खरं आहे, पण तेवढंच नाही.

त्या रात्री चौथी वाट ठरली. अट तात्यांची: वाजवायची तेव्हा सीटवर मीच. अट ताईंची: क्लच जोडला जाणार नाही याची सोय मिस्त्रींनी करायची. ढकलून इंजिन सुरू झालं की इंजिन आणि चाकं यांची जोडणी सुटावी असा खटका मिस्त्रींनी बसवला, जेणेकरून पाय चुकला तरी गाडी पुढे जाणार नाही.

१९६९च्या पितळी वेल्डिंगचं काय करायचं यावर मी आणि मिस्त्री दोन दिवस भांडलो. पळवायची नसल्याने तिथे मोठा ताण येणार नव्हता. ते तसंच ठेवलं. पातळ झालेली उजवी रेल मात्र तळाला चौदा इंच कापून नवीन घातली. कापलेला तुकडा तारीख लिहून ठेवला आहे. भेगा घासून टिगने भरल्या.

कडी

काम सुरू झाल्यावर दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीहून मोठी ठरता ठरता राहिली.

उजव्या वरच्या रेलवर इंग्रजी यू आकाराची जाड सळईची कडी वेल्ड केलेली होती. छायाचित्रांत ती बॉडीमुळे दिसत नाही. मिस्त्रींना वाटलं, नंतरच्या मालकाने गोठ्यात बांधायला लावली असेल. मलाही तसंच वाटलं. मी होकार दिला, त्यांनी ती कापली आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

चार दिवसांनी तात्या रिकाम्या चासीत बसायला आले. सीट म्हणून उलटी बादली ठेवली होती. डावा हात त्यांनी हवेत चाकावर ठेवला, उजवा खाली नेला आणि तिथेच थांबले.

"माझी कडी?"

भंगाराची लॉरी यायला दोन दिवस होते, म्हणून ती सापडली. हातात घेऊन उजेडात धरली तेव्हा दिसलं, सळईचा आतला भाग गुळगुळीत झिजलेला होता. दोरीने असं झिजत नाही. सहा वर्षं हातमोजा घासला की झिजतं.

तात्यांनी मग समजावलं. गाडी आडवी फेकली गेली की चालकाचं शरीर त्या बाजूला जातं, आणि दोन्ही हात चाकावर असतील तर चाकही त्यांच्याबरोबर ओढलं जातं. एक हात चासीला बांधलेला असला की खांदा गाडीबरोबर राहतो आणि दुसरा हात फक्त वळवण्याचं काम करतो. बोर्श यांच्याबद्दल ऐकून त्यांनी ही कडी लावली होती. बोर्श यांचं कारण हेच होतं असा माझा दावा नाही, हे तात्यांचं कारण. पण आखूड गाडीचा सगळा प्रश्न, जो मी अंशांत आणि मीटरमध्ये मांडला होता, त्यांनी १९६६मध्येच एका सळईने सोडवायचा प्रयत्न केला होता. ती कडी आम्ही भंगारात टाकली होती.

मिस्त्रींनी ती जुन्याच खुणेवर परत जोडली. तो सांधा दिसतो. तो घासून लपवायचा नाही असं आम्ही ठरवलं.

काय झालं

पहिला मेळावा पंचवीस दिवसांवर आला असताना इंजिन आलं. जुनं मिळणं शक्य नव्हतं, दुसरं ३९२ मिळालं. आम्ही घाई केली.

ढकलून सुरू करायची पद्धत अशी: मागून ट्रक ढकलतो, चाकं इंजिन फिरवतात, तेलाचा दाब चढला की इंधनाचा कॉक उघडायचा आणि मग प्लगना ठिणगी देणारा मॅग्नेटो चालू करायचा. दाब चढेपर्यंत कॉक बंद हवा. आमच्या कॉकची केबल अर्धा इंच सैल होती. तो बंद दिसत होता, बंद नव्हता. दाब चढायला वेळ लागला, तोवर एका सिलिंडरमध्ये इंधन साठलं. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला.

आम्हाला कुणालाच कळलं नाही. तात्यांना कळलं. एक जड ठोका ऐकून त्यांनी हात वर केला आणि मॅग्नेटोला हात लावला नाही. लावला असता तर ब्लोअर उडाला असता, आणि तो त्यांच्या तोंडासमोर होता. त्या दिवशी गाडी वाजली नाही. कठड्यापाशी त्यांचे दोन जुने सोबती चाकांच्या खुर्चीत बसून वाट पाहत होते. त्यातले एक पुढच्या वर्षापर्यंत राहिले नाहीत.

या घाईला मी जबाबदार आहे. केबल तपासायच्या यादीत होती, ओळ क्रमांक ३१. मी ती 'नंतर' म्हणून सोडली होती.

पुढच्या शरदात पुन्हा गेलो. या वेळी आधी प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, प्रत्येक सिलिंडर कोरडा आहे हे पाहिलं. कॉकची केबल दोघांनी वेगवेगळी तपासली. पहिल्यांदा नुसत्या मिथेनॉलवर सुरू केलं, मग नायट्रो मिसळलं.

आज पुन्हा करायचं झालं तर

रंग काढण्याआधी प्रत्येक थराचा नमुना ठेवेन आणि दर फुटाला छायाचित्र घेईन. काही जाडीमापक रंगावरूनही चालतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. भेगा शोधायला सांध्यांपुरता दोन-दोन इंच रंग काढला असता तर पुरला असता. पूर्ण सँडब्लास्टिंगची गरजच नव्हती.

चालकाला पहिल्या दिवशी रिकाम्या चासीत बसवेन. एकही ब्रॅकेट कापण्याआधी. कागदांत, छायाचित्रांत जे नाही ते त्याच्या हातांत असतं, आणि या पिढीचे हात आता थोडेच उरले आहेत. आपल्याकडे कोल्हापुरात, पुण्यात जुन्या राजदूत-येझदी पुन्हा उभ्या करणारी तरुण मंडळी आहेत, त्यांना मी हे फोनवर सांगतो तेव्हा याच एका गोष्टीवर अडतो: ज्याने ती चालवली तो माणूस अजून असेल तर आधी त्याच्या घरी जा.

मेळाव्याच्या तारखेला गाडीची तारीख बांधणार नाही.

कॉकच्या बाबतीत आणखी एक. बंद आहे की नाही हे डोळ्यांना दिसेल अशी खूण दांड्यावर हवी. आम्ही आता पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. जुन्या गाडीवर नवी रेघ मारायला मला आधी अवघड वाटलं. तात्यांनीच ब्रश मागून घेतला.

एका निर्णयाबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. मिस्त्रींच्या मते पितळी दुरुस्ती काढायला हवी होती, कारण पुढचा मालक ती पाहून गाडी पळवायला जाऊ शकतो. मी त्या जागेवर पत्र्याची पट्टी लावून 'पळवू नये' असं कोरलं आहे. पट्टी कुणीही काढू शकतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

त्या संध्याकाळी अंधार पडताना गाडी ओळीत आठवी होती. ट्रकने ढकललं, दाब चढला, तात्यांनी कॉक उघडला, मॅग्नेटो चालू केला. आठ नळ्यांतून पिवळ्या ज्वाळा उठल्या आणि जमीन पायाखाली हलायला लागली. ताई कान झाकायला विसरल्या होत्या. गाडी जागेवरून हलत नव्हती, चाकांची जोडणी सुटलेली होती, वळवण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी पाहिलं, तात्यांचा डावा हात चाकावर होता आणि उजवा खाली कडीत.